चारवर बोट

मिळण्यासारखं बरंच होतं. रविवारी संध्याकाळच्या आत बायको घरी आली, तर सोमवारी शेजारीण दारात येऊन "वहिनी दिसत नाहीत बऱ्याच" असं म्हणायची थांबणार होती. गुरुवारी मोठे साहेब बायकोसह जेवायला यायचे होते. ते ठरल्याप्रमाणे येणार होते आणि जेवण झाल्यावर, तोंडात बडीशेप असताना, विभागप्रमुखाच्या खुर्चीचा विषय आपणहून काढणार होते. सगळ्यात मोठी बाब त्याने यादीत मुद्दाम खाली ठेवली होती : बायकोच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला इस्पितळाचा कागद घडीतच राहणार होता. बदल्यात द्यायचं काय? एक सुट्टीचा दिवस, थोडी खाली घातलेली मान आणि 'पुन्हा होणार नाही' हे वाक्य. वाक्य तयारच होतं. नऊ वेळा वापरून झालं होतं, तरी म्हणण्यासारखं झिजलं नव्हतं. दुकानादुकानांतून वजनं-मापं तपासत फिरणाऱ्या सरकारी माणसाला हा सौदा कुठल्याही बाजूने पाहिला तरी फायद्याचाच दिसला, यात नवल नाही.

तसं पाहिलं तर घडलं काहीच नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी दाराला बाहेरून कुलूप होतं, एवढंच. तो जिन्यात किल्ली काढून उभा राहिला आणि किल्ली कुलपात जाईना. सहा वर्षांत त्याने ती कधी वापरलीच नव्हती. बेल वाजवली की दार उघडायचं. किल्लीचे दाते नवेकोरे होते, बोटाला टोचणारे. आत गेल्यावर गॅस गार, नळ घट्ट बंद, आणि जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी : 'आबांकडे जाते. टॅपेट करायचेत.' त्याने ती तीनदा वाचली. भांडण असतं तर त्याला कळलं असतं. रडणं, शिव्या, माहेरच्यांची धमकी, यांतलं काहीही असतं तरी त्यावर काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. पण नवऱ्याचं घर सोडून जाताना बाईने कारण काय द्यावं, तर टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या फटी मोजणं! त्याचा उजवा हात आपोआप उघडला, तळवा गरम झाला, आणि समोर कोणीच नसल्यामुळे तसाच उघडा राहिला. मग त्या हाताने त्याने टेबलावरचा स्टीलचा पेला उचलून भिंतीवर मारला. पेला खाली पडून बराच वेळ गोल गोल फिरत राहिला. तो थांबेपर्यंत याला तिथून हलता आलं नाही.

कार्यालयात त्याला काटेसाहेब म्हणत. आडनाव वेगळंच होतं. तराजूचा काटा बघताना तो डोळे असे बारीक करायचा की दुकानदाराला आपण काहीच केलेलं नसताना घाम फुटावा. प्रत्येक तराजूला थोडी चूक माफ असते, हे लोकांना माहीत नसतं, त्याला होतं. किलोमागे अमुक इतकं इकडे-तिकडे झालं, तर तराजू खोटा ठरत नाही. घरातल्या बाबतीतही त्याने मनाशी असंच एक माप धरलं होतं. सहा वर्षांत नऊ वेळा, म्हणजे वर्षाला दीड. ढकलणं, दंड धरणं, ताट सरकावणं यांत धरलेलं नव्हतं. ते धरलं तर कुठलंच घर पास होणार नाही. दर वेळी कारण होतं, आणि दर वेळी ते इतकं लहान होतं की नंतर त्यालाच ते आठवायला वेळ लागे : बरणीचं झाकण नीट बसवलं नव्हतं, इस्त्रीची घडी उलटी होती, फोनवर ती हसली आणि का हसली ते सांगितलं नाही. आणि दर वेळी, पहिला हात बसला की ती एकच शब्द म्हणायची. "बस." ओरडून नाही. एखाद्या कामगाराला सांगावं तसं, कोरडं, मोजून. तो शब्द ऐकला की त्याचं टाळकं फिरायचं. गयावया केली असती तर कदाचित एकावरच भागलं असतं. पण ही कोण आपल्याला हुकूम सोडणार! शब्द कानावर पडला की हात आणखी एक-दोनदा जायचाच, केवळ तो कोणाच्या सांगण्याने थांबत नाही हे दाखवण्यासाठी.

सासऱ्यांची शेड गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून होती. चाळीस वर्षं तिथे इंजिनं उघडली आणि मिटली गेली होती. आता एकच ट्रॅक्टर उरला होता. सासऱ्यांपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान, रंग उडून लालाचा गुलाबी झालेला, पुढे हँडल घालून फिरवून चालू करायचा. सासरे त्याला म्हातारी म्हणत. पुढच्या आठवड्यात जुन्या वाहनांचं प्रदर्शन होतं, त्यात म्हातारीला स्वतःच्या पायांनी न्यायचं होतं. तो फाटकातून आत आला तेव्हा बायको खोक्यावर उभी राहून इंजिनावर वाकली होती. इंजिनाचं वरचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं. आत आठ लोखंडी बोटं एका दांडीवर ओळीने बसलेली, तेलाने चकचकणारी. सासरे उलट्या बादलीवर बसले होते. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, दुखरा.

"या, जावईबापू. बरे वेळेवर आलात. हँडलला माणूसच नव्हता."

तो बायकोजवळ गेला, डावीकडून, आणि हळू आवाजात म्हणाला, "चल घरी." तिने मान वळवली नाही. रागावलीय, त्याने ताडलं. राग म्हणजे अजून धागा आहे. पुन्हा म्हणाला, जरा गोड आवाजात.

"त्या बाजूने नाही," सासरे बादलीवरून म्हणाले. "उजवीकडून बोला. तो कान गेलाय तिचा. माझा उजवा गेलाय, पण तो या म्हातारीने नेला. आम्ही दोघं शेजारी बसलो की एक धड माणूस होतो."

सासरे हसले, आणि बायकोही, इंजिनात तोंड ठेवूनच. कानाचं म्हाताऱ्याला माहीत होतं. माहीत असून त्याने 'या' म्हटलं होतं, 'जावईबापू' म्हटलं होतं. शिवी दिली असती तर शिवीला उत्तर असतं. नऊपैकी एका वेळेनंतर तिने पंधरा दिवस कानात कापूस घातला होता. ती अंघोळीला गेली असताना त्याने पर्समधला कागद उघडून वाचला होता : डाव्या कानाचा पडदा फाटलेला, कारण थप्पड. डॉक्टरचं अक्षर त्याला फार सुवाच्य वाटलं होतं. ही जात एरवी इतकं स्वच्छ लिहीत नाही.

ती उजव्या कानाने त्याच्याकडे वळली. "आठ व्हॉल्व्ह आहेत. दोन झाले. तुम्ही हँडल फिरवा, बाकीचे सहा होऊ देत. मग बोलू."

मग बोलू. म्हणजे तिने दार उघडं ठेवलं होतं. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मनातल्या यादीत एक आकडा वाढवला : थोडी अंगमेहनत. देऊ.

काम सासऱ्यांनी सांगितलं, शाळेत सांगतात तसं. इंजिनाची चार घरं, म्हणजे सिलिंडर, प्रत्येक घराला दोन व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर ठोकणारं एक लोखंडी बोट, म्हणजे रॉकर. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामध्ये केसभर फट हवी. ती बारा नंबरच्या पातळ पोलादी पत्तीने मोजायची. पत्ती आत घालून ओढली की चावल्यासारखी वाटली पाहिजे, पण अडकता कामा नये. "फट जास्त झाली तर टॅपेट वाजतो," सासरे म्हणाले. "वाजू दे. नुसता आवाज आहे तो. फट संपली की आवाज बंद. लोकांना वाटतं, वा, काय गोड चालतंय! आणि आत व्हॉल्व्ह टेकत नसतो, जळत असतो." घरांच्या जोड्या असतात. दोनची जोडी तीनशी, एकची चारशी. एकची फट मोजायची तर चारवर लक्ष ठेवायचं. चारचा रॉकर खाली यायला जेमतेम सुरुवात झाली की तिथेच हँडल थांबवायचं. बाकीचे मेकॅनिक हे डोळ्यांनी बघतात. सासऱ्यांचा डोळ्यांवर कधीच भरवसा नव्हता. ते रॉकरच्या मानेखाली बोट धरत. लोखंड बोटावर टेकलं, नुसतं टेकलं, की 'बस'. मुलीलाही तसंच शिकवलेलं, ती नऊ वर्षांची असल्यापासून. "या शेडमध्ये," सासरे म्हणाले, "बस म्हटल्यावर हँडल तिथल्या तिथे मेलं पाहिजे. पुढे गेलं तर परत आणता येत नाही. हे एकाच बाजूला फिरतं. मग पुरे दोन फेरे मारून परत त्याच जागी यायचं."

त्याने हँडल धरलं. थंड आणि गुळगुळीत होतं, चाळीस वर्षांच्या तळव्यांनी घासलेलं. चारही प्लग काढून फडक्यावर ठेवले होते, त्यामुळे आत हवा दाबली जात नव्हती आणि हँडल लोण्यासारखं फिरत होतं.

"हळू," ती म्हणाली. "हळू… अजून… अजून जरा… बस."

तो पुढे गेला. चार बोटं, फार नाही; तिला बोट काढून घेता आलं. पण त्याचं कारण वेगळं होतं. त्याला तो आवाज ओळखू आला होता. कोरडा, मोजलेला, वर ना खाली. स्वयंपाकघरात, पलंगाच्या कडेला, न्हाणीघराच्या दारात नऊ वेळा ऐकलेला तोच 'बस'. म्हणजे तो हुकूम नव्हता. तो उर्मटपणाही नव्हता. ही बाई ज्या घरात वाढली तिथे हा शब्द उच्चारला की समोरचा हात थांबत असे, रोज, न चुकता, लहानपणापासून. कोणाचं तरी बोट आत आहे एवढाच त्याचा अर्थ होता. लग्न होऊन आल्यावर मार बसला तेव्हा तिने तिच्याकडे होता तो सगळ्यात खात्रीचा शब्द काढून वापरला होता. त्याच्या कानशिलांवर घाम आला. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला वाटलं की आपण खाली बसावं. मग त्याला वाटलं, एवढंच होतं तर तिने सांगायला नको? मला काय माहीत तुमच्या शेडमधले शब्द? असं वाटल्याबरोबर त्याला फार बरं वाटलं.

"दोन फेरे," सासरे म्हणाले.

त्याने दोन फेरे मारले. ती पाना लावून नट सैल करी, पेचकसाने स्क्रू किंचित फिरवी, पत्ती ओढून बघी, डोळे मिटून. तिचे डोळे मिटलेले तो पहिल्यांदाच इतक्या जवळून, इतका वेळ बघत होता. घरी ती झोपेतसुद्धा पापण्या घट्ट आवळून घेत असे. इथे त्या नुसत्या टेकल्या होत्या. "चावतेय का?" सासरे विचारत. "चावतेय." "खाते की चाखते?" "चाखतेय, आबा." दोघं हसत. चार व्हॉल्व्ह झाले, मग सहा. त्यात तो आणखी तीनदा पुढे गेला आणि सहा फेरे जास्तीचे मारले. खांदे भरून आले, तळव्याला फोड आला. दर वेळी बादलीवरून तोच आवाज, न चिडता : "दोन फेरे, जावईबापू."

"तुमच्या तराजूला काटा असतो ना?" सासऱ्यांनी एकदा विचारलं. "तो मध्यावर थांबतो, की तुमच्यासारखाच पुढे जाऊन बघतो?"

ती हसली. फोनवर हसली होती तसंच. आणि त्याला आत कुठेतरी झाकण सैल झाल्याचा ओळखीचा आवाज ऐकू आला. मान जड झाली, दात एकमेकांवर बसले, तळव्यातला फोड ठणकू लागला आणि सगळं अंग गोळा होऊन उजव्या मनगटात येऊन बसलं. हे सुख कोणाला सांगता येत नाही. लोक म्हणतात रागात भान जातं. खोटं आहे. त्याचं भान कधीच गेलं नव्हतं. उलट त्या वेळी त्याला सगळं फार स्वच्छ दिसे : गालावरचा तीळ, कानातली रिंग, कुठे बसेल आणि कुठे बसू नये. आताही दिसत होतं. शेवटची जोडी राहिली होती. एकचे दोन व्हॉल्व्ह मोजायचे होते आणि चारवर तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट होतं, रॉकरची मान आणि खालचा जाड नट यांच्यामध्ये, नखाशी तेलाची काळी रेघ असलेलं.

"हळू… अजून… अजून… बस."

ऐकू आलं. स्पष्ट आलं. त्याच्या दोन्ही कानांना काहीही झालेलं नव्हतं. हँडल त्याच्या हातात पाव फेरा पुढे गेलं.

किंकाळी नाही आली. आधी एक बारीक आवाज आला, हरभरा दाताखाली फुटावा तसा. मग तिचा श्वास आत गेला तो बाहेरच येईना. रॉकर खाली उतरला होता, बोट त्याच्याखाली होतं, आणि नटाच्या कडेने तेलात लाल धागा उतरत होता. पांढरं काहीतरी दिसलं. नख असावं किंवा नखाच्या खालचं. तिचं सगळं शरीर त्या एका बोटाला टांगल्यासारखं खोक्यावर ताठ उभं होतं.

"हँडल सटकलं," तो म्हणाला.

सासरे बादलीवरून उठले. फडक्यावरच्या प्लगांकडे त्यांनी बघितलं, एक, दोन, तीन, चार, जणू मोजून खात्री करून घेतली. "प्लग काढलेत," ते म्हणाले. "आत जोरच नाही, जावईबापू. सटकायला मागून काहीतरी ढकलावं लागतं."

दहा-बारा वर्षं त्याने दुकानदारांची तोंडं या क्षणी बघितली होती. पारड्याखाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं मेण त्याने नखाने काढून त्यांच्यासमोर धरलं की ती तोंडं कशी होतात, ते त्याला पाठ होतं. आतून ते कसं असतं हे आज कळलं. आतून ते फार अन्यायाचं असतं.

"मी सोडवतो. पुढे फिरवतो, निघेल."

"पुढे फिरवलं तर आधी अजून दाबेल, मग सोडेल." सासरे पाना उचलायला गेले, तो निसटून खणखणत फरशीवर पडला.

तो हँडलकडे वळला.

"हात लावू नकोस."

रक्त त्याने पाहिलंच होतं. पण धक्का बसला तो आता. नकोस. सहा वर्षांत तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मार खाऊनसुद्धा 'तुम्ही'च होतं. त्याचा हात हँडलपासून चार इंचांवर थांबला आणि तिथेच राहिला. पहिल्यांदाच तो सांगितल्या जागी थांबला होता.

"आबा, पाना द्या. तो नाही, बारीक." तिने उजव्या हाताने पाना चारच्या नटावर बसवला, झटका दिला. पाना खाली ठेवला, पेचकस घेतला, स्क्रूच्या खाचेत रोवला आणि उलटा फिरवू लागली. अर्धा फेरा. चेहरा राखेसारखा, ओठ आत ओढलेले. आणखी अर्धा. स्क्रू वर आला तशी स्प्रिंगने रॉकरची मान वर ढकलली, एका वेळी केसभर, दुसऱ्या वेळी केसभर. ज्या फटीसाठी सगळी सकाळ गेली होती तशी एक एक फट ती स्वतःच्या बोटावरून उचलत होती. पाचव्या फेऱ्याला बोट निघालं. पेराच्या पुढचं ते आता बोटासारखं नव्हतं. मग ती ओरडली, एकदाच, फार मोठ्याने. छपरावरची कबुतरं उडाली.

"आत कपाटात कापूस आहे," सासरे त्याला म्हणाले. "आणा."

तो पळाला. आतल्या खोलीत खाट होती, खाटेवर तिची पिशवी, चेन लावलेली, हँडलला पाण्याची बाटली अडकवलेली. ही निघायची तयारी होती. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून चार वाजताच्या गाडीची तिकिटं डोकावत होती. दोन. आजचीच तारीख, शेजारशेजारच्या जागा. तो येणार हे तिला माहीत होतं, आणि येऊन काहीही बोलला असता, न बोलता नुसता बसून राहिला असता, तरी ती त्याच्याबरोबर येणार होती. 'मग बोलू' मध्ये बोलण्यासारखं काही नव्हतंच. ती नुसतं टॅपेट पुरे करत होती. ज्यासाठी तो निघाला होता ते सगळं सकाळपासून या खाटेवर बांधून तयार होतं. तो कापूस न घेताच, तिकिटं मुठीत धरून बाहेर आला.

"दोन तिकिटं आहेत," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला.

तिने बोटाभोवती फडकं आवळलं होतं, हात डोक्याच्या वर धरला होता. कोपरापर्यंत लाल ओघळ आले होते. "होती," ती म्हणाली.

"हे बघ, मी—"

"आबा, पोलीस ठाणं रविवारी उघडं असतं ना?"

"ते कधी बंद असतं, पोरी? आधी टाके घालू. डॉक्टरला हेही लिहायला सांगू." सासरे त्याच्याकडे वळले. त्याला वाटलं आता पाना डोक्यात बसणार, आणि त्याने खरोखर मान आखडून घेतली. तिची सहा वर्षांची सवय त्याच्या मानेला एका क्षणात लागली. पण म्हाताऱ्याने फक्त शर्टाच्या बाह्यांकडे बोट दाखवलं. "बाह्या खाली करा, जावईबापू. तेल लागलंय. आणि निघा तुम्ही. वाट लांबची आहे तुमची."

एवढं आदराने त्याला आजवर कोणी हाकललं नव्हतं.

शेजारच्या गॅरेजवाल्याची जीप येईपर्यंत दहा मिनिटं होती. तो फाटकाशी उभा राहिला. आपल्याला परत बोलावतील असं त्याला अजून वाटत होतं. मागून तिचा आवाज आला, "चारचा स्क्रू पुरता बाहेर आलाय आबा, तो परत बसवायचा राहिला, विसरू नका." आणि सासऱ्यांचा, "नाही विसरत. तू हात वर धर." त्याच्याबद्दल काहीच नाही. जीप आली, दोघं बसली. जाताना तिने फाटकाकडे बघितलं ते फाटक नीट लागतं का एवढंच बघण्यासाठी.

चार वाजताच्या गाडीत शेजारची जागा रिकामी राहिली. कंडक्टरने दोनदा विचारलं, "कोणी येतंय का?" आणि त्याने दोनदा सांगितलं, "येतेय." पुढे सगळं आपापल्या गतीने झालं. कागदाला दुसरा कागद जोडला गेला. गुरुवारी मोठ्या साहेबांना अचानक दुसरीकडे जेवण निघालं. विभागप्रमुखाच्या खुर्चीत दुसराच बसला. चौकशी लागली, तारखा पडू लागल्या. पण त्या रविवारी गाडीत खिडकीशी बसून त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. दहाही बोटं शाबूत होती, तळव्याला तेवढा एक फोड होता, आणि त्या फोडावर तो हळूच फुंकर घालत होता. या सगळ्यात लुबाडलं गेलं असेल तर ते आपल्यालाच, हे त्याला अगदी मनापासून वाटलं. हिशेबाला पक्का असलेल्या माणसाची बेरीज अशी चुकावी!

भरलं तिनेच. एक कान आधी, मग डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोकाकडचं पेर. ते डॉक्टरने संध्याकाळी काढूनच टाकलं. म्हाताऱ्याने उरलेली दोन टॅपेटं आठवडाभरात दुखऱ्या खांद्याने एकट्याने हँडल मारून पुरी केली, त्यात खांदा कायमचा गेला. ते दोघांचं. याच्या नावावर एक फोड. याआधीही नऊ वेळा तिनेच भरलं होतं आणि नऊही वेळा मिळकत याच्या घरी गेली होती. दहाव्या वेळी तिने सगळ्यांत जास्त भरलं, आणि मिळालेलं स्वतःजवळ ठेवलं.